एफडीचं व्याज घटलं, मग कॉर्पोरेट बाँड फंडात पैसे टाकावेत का?

फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो रेट ६.५० टक्क्यांवरून ५.२५ टक्क्यांवर आणला. गृहकर्ज घेतलेल्यांना हायसं वाटलं, पण एफडीच्या व्याजावर घर चालवणाऱ्यांचं गणित बिघडलं. त्यातूनच ‘एफडीपेक्षा भारी’ म्हणत कॉर्पोरेट बाँड फंडांची चर्चा वाढली. हे फंड खरंच भारी आहेत का?

कंपन्या बाजारातून कर्ज उचलतात, त्या कर्जाचा कागद म्हणजे बाँड. तुमच्या-आमच्या पैशातून फंड असे बरेच कागद विकत घेतो. सेबीच्या नियमानुसार कॉर्पोरेट बाँड फंडाला किमान ८० टक्के रक्कम डबल ए प्लस किंवा त्याहून वरचं रेटिंग असलेल्या बाँडमध्येच ठेवावी लागते.

अर्धा टक्का म्हणजे किती?

इथेच एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. सगळ्या फंडांना साधारण त्याच चांगल्या कंपन्यांचे बाँड घ्यायचे असतात, त्यामुळे त्यांचं मूळ व्याज जवळपास सारखंच असतं. फरक पडतो तो फंडाच्या खर्चाने. शेअरच्या फंडात एखाद्या वर्षी १५ टक्के मिळाले तर एक टक्का खर्च खुपत नाही. सात टक्क्यांतून मात्र अर्धा टक्का गेला तरी खिशाला जाणवतो.

१० लाख रुपये १० वर्षं ७ टक्क्यांनी वाढले तर साधारण १९ लाख ६७ हजार होतात. तेच ६.५ टक्क्यांनी वाढले तर १८ लाख ७७ हजार. म्हणजे ९० हजारांचा फटका. एकाच फंडाच्या रेग्युलर प्लॅनमध्ये एजंटचं कमिशन असतं, डायरेक्टमध्ये नसतं. बाँड तेच, मॅनेजर तोच!

खर्च किती खाली येऊ शकतो, हे डिसेंबर २०१९ मध्ये आलेल्या भारत बाँड ईटीएफने दाखवलं. सरकारी कंपन्यांच्या ट्रिपल ए बाँडमध्ये पैसे गुंतवणाऱ्या या योजनेचा सुरुवातीचा खर्च होता ०.०००५ टक्के, म्हणजे २ लाखांमागे वर्षाला १ रुपया.

मागचा परतावा बघून फसू नका

व्याजदर घटले की जुन्या, जास्त व्याजाच्या बाँडची किंमत वाढते. त्यामुळे दरकपातीच्या काळातला परतावा फुगलेला दिसतो. दर वाढले की उलटं होतं. फंडाचं ‘ड्युरेशन’ ३ वर्षं असेल आणि बाजारातले दर १ टक्क्याने वाढले, तर एनएव्ही साधारण ३ टक्क्यांनी पडते. म्हणून फॅक्टशीटमध्ये ‘यील्ड टू मॅच्युरिटी’चा आकडा बघावा आणि त्यातून खर्च वजा करावा. पुढच्या परताव्याचा त्यातल्या त्यात प्रामाणिक अंदाज हाच.

रेटिंग म्हणजे हमी नव्हे, हेही खरं. आयएल अँड एफएसने २०१८ मध्ये पैसे थकवले, त्याच्या काही महिने आधीपर्यंत तिला ट्रिपल ए रेटिंग होतं. २३ एप्रिल २०२० ला फ्रँकलिन टेम्पलटनने सहा योजना बंद केल्या, तेव्हा लोकांचे पैसे अडकले. पुढे ते टप्प्याटप्प्याने परत मिळाले. त्या सहांत कॉर्पोरेट बाँड प्रकारातला फंड नव्हता. जास्त व्याजासाठी कमी रेटिंगचे कागद घेण्याची किंमत तिथे मोजावी लागली.

कराचा जुना फायदाही आता उरलेला नाही. १ एप्रिल २०२३ पासून गुंतवलेल्या पैशांवरचा नफा कितीही वर्षांनी काढला तरी तुमच्या स्लॅबप्रमाणेच कर लागतो. एफडीच्या व्याजावर दरवर्षी कर भरावा लागतो, इथे पैसे काढताना, एवढाच काय तो फरक. शिवाय बँकेतल्या ठेवींना प्रत्येक बँकेमागे ५ लाखांपर्यंत विमा असतो, फंडाला तसं कवच नाही.

त्यामुळे सहा महिन्यांनी लागणारी कॉलेजची फी या फंडात ठेवू नये. तीन-चार वर्षं हात लावायचा नसलेले पैसे असतील, तर कमी खर्चाचा डायरेक्ट प्लॅन एफडीच्या जोडीला ठेवता येईल.