वाचन अडले म्हणजे बुद्धी अडली नाही

१८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १४ वर्षांच्या एका मुलाची नोंद प्रसिद्ध केली. मुलगा हुशार, गणितात चांगला. पण साधे शब्द त्याला वाचता येत नसत. शिक्षण केवळ तोंडी असते, तर शाळेत तोच सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, तरी अशा मुलाला ‘ढ’ किंवा ‘आळशी’ म्हणण्याची आपली सवय सुटलेली नाही.

डिस्लेक्सियात मूळ दोष डोळ्यांचा नसतो, त्यामुळे चष्म्याने तो जात नाही. बुद्धीचाही नसतो. शब्दातील ध्वनी सुटे करून ते अक्षरांशी चटकन जोडणे अशा मुलांना जड जाते. मराठीत उच्चार आणि लेखन बरेचसे जुळते, म्हणून हा त्रास इंग्रजी माध्यमाचाच, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. मराठी वाचणारे मूल जोडाक्षरांत अडखळते, ऱ्हस्व-दीर्घात गोंधळते. काही वेळा चुका थोड्याच असतात, पण वाचन फार संथ असते. म्हणून ते कोणाच्या लक्षात येत नाही.

‘तारे जमीन पर’ने २००७ मध्ये या मुलांविषयी आस्था निर्माण केली. सोबत एक समजही रुजला, की अशा प्रत्येक मुलात एखादा कलावंत दडलेला असतो. तसे असेलच असे नाही. मदत मिळण्यासाठी मूल असामान्य असण्याची गरज नाही.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मात्र २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रमाणपत्रासाठी किमान वय ८ वर्षे ठरवले. त्याआधी निदान पक्के करणे अवघड असते, हे खरे. पण तोवर मुलाने नुसते मागे पडत राहायचे का? शिवाय तपासणीसाठी मानसशास्त्रज्ञ लागतो, हेलपाटे पडतात. रोजंदारी बुडवून तालुक्याहून शहरात येणाऱ्या पालकांना ते परवडत नाही.

सवलत परीक्षेत हात देते, वाचायला शिकवत नाही. ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालणारा रोजचा सराव, लहान गटात, पहिलीपासूनच सुरू करता येतो. त्याला कोणत्याही प्रमाणपत्राची गरज नाही. गरज आहे ती शिक्षकांच्या प्रशिक्षणाची आणि वर्गात त्यासाठी राखून ठेवलेल्या वेळेची.