वैतरणेच्या दोन तीरांवरचा पहारा

किनाऱ्याचे रक्षण राज्य पोलिसांकडून काढून एकाच केंद्रीय दलाकडे सोपवावे, असे म्हणणारे युरोपचा दाखला देतात. शेंगेन करारामुळे युरोपातल्या आतल्या सीमा खुल्या झाल्या आणि बाहेरची सामाईक सीमा राखायला 2004 मध्ये ‘फ्रॉन्टेक्स’ स्थापन झाली. आता तिच्यासाठी 2027 पर्यंत दहा हजारांचे दल उभे राहायचे आहे. मग अर्नाळ्यापासून डहाणूपर्यंत तसेच का नको, असा त्यांचा सवाल.

हा दाखला त्यांच्याच विरुद्ध जातो. फ्रॉन्टेक्स आली म्हणून ग्रीसचे किंवा इटलीचे सीमारक्षक घरी गेले नाहीत. आपल्या वाट्याच्या सीमेची पहिली जबाबदारी युरोपीय कायद्याने त्या त्या देशाकडेच ठेवली आहे, आणि दहा हजारांच्या दलातही मोठा भाग सदस्य देशांनी पाठवायच्या माणसांचा आहे. युरोपचे घोडे अडले ते भार वाटून घेण्यात. 3 ऑक्टोबर 2013 रोजी इटलीच्या लाम्पेदुसा बेटाजवळ साडेतीनशेहून अधिक स्थलांतरित बुडाले. त्यानंतर इटलीने समुद्रात बचाव मोहीम उघडली, तिचा बहुतेक खर्च एकटीने सोसला आणि वर्षभरात ती आवरती घेतली. एका बेटापुढचा समुद्र साऱ्या युरोपचा आहे, हे कागदावर सर्वांना मान्य होते. पैसा आणि माणसे देताना मात्र हात आखडले.

आपल्याकडे 26/11 नंतर, 2009 मध्ये, सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली. तटरक्षक दल आणि सागरी पोलीस ठाणी त्याच साखळीत आहेत. दल नाही म्हणून किनारा उघडा आहे, असे नाही. जोखीम हद्दीच्या सांध्यावर असते. 1 ऑक्टोबर 2020 रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि वसई खाडीचे दोन्ही तीर, जिल्हे वेगळे असूनही, एका अधिकाऱ्याखाली आले. हे उत्तम झाले. पण उत्तरेला वैतरणेच्या मुखाशी अर्नाळा आयुक्तालयात, तर समोरचे दातिवरे पालघर ग्रामीण पोलिसांकडे. याच मुखाचे महत्त्व ओळखून मराठ्यांनी वसईच्या आधी, 1737 मध्येच, अर्नाळा घेतला होता. संशयित बोट हद्द विचारून खाडीत शिरत नाही.

मच्छीमारांकडे संशयाने पाहणारेही चुकतात. 26/11 चे हल्लेखोर ज्या ‘कुबेर’वरून मुंबईजवळ आले ती मासेमारी बोटच होती, हे खरे. पण कुलाब्याला उतरलेल्या त्या अनोळखी तरुणांना पहिल्यांदा हटकले तेही कोळ्यांनीच. कोणती बोट आपल्या बंदरातली नाही, हे तांडेलाला नुसत्या नजरेने कळते; ही माहिती कुठल्याही रडारवर उमटत नाही.

म्हणून मागणी एवढीच : आयुक्तालय आणि पालघर पोलीस यांनी वैतरणेच्या मुखाशी कायमची संयुक्त गस्त ठेवावी, तिचा खर्च दोघांनी उचलावा, आणि अर्नाळा व दातिवऱ्याच्या मच्छीमारांना तिच्या आखणीच्या बैठकीत हक्काची जागा द्यावी.