शिकाऊ उमेदवारी: हाताला कौशल्य मिळतं, की कंपनीला स्वस्त मजूर?

२० मार्च २०१८. मुंबईत कामावर जाणाऱ्यांच्या गर्दीची वेळ. माटुंगा आणि दादरच्या मध्ये शेकडो तरुण मध्य रेल्वेच्या रुळांवर उतरले. सुमारे साडेतीन तास लोकल ठप्प झाल्या आणि लाखो चाकरमान्यांचे हाल झाले.

हे तरुण होते रेल्वेच्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवारी, म्हणजेच अप्रेंटिसशिप पूर्ण केलेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. रेल्वेनेच आम्हाला शिकवलं, परीक्षा घेतली, प्रमाणपत्र दिलं. मग नोकरीत आमच्यासाठी फक्त २० टक्के जागा राखीव का?

रेल्वेच्या बाजूने कायदा होता. शिकाऊ उमेदवाराला नोकरी देणं बंधनकारक नाही, असं तो सांगतो. देशाच्या प्रशिक्षण व्यवस्थेतली मूळ अडचण या एका प्रसंगात दिसते. तरुण उमेदवारीकडे नोकरीची पायरी म्हणून बघतो, तर कायद्याच्या लेखी ते फक्त प्रशिक्षण असतं.

कायदा काय सांगतो?

शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. त्यानुसार शिकाऊ उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. त्यामुळे त्याला पगार नाही, विद्यावेतन मिळतं. कामगार कायद्यांचं संरक्षणही त्याला सरसकट लागू होत नाही. मात्र काम करताना इजा झाली तर भरपाईची तरतूद आहे.

२०१४ मध्ये या कायद्यात मोठे बदल झाले. नियम मोडणाऱ्या मालकाला होणारी कैदेची शिक्षा काढून फक्त दंड ठेवण्यात आला. उमेदवारांच्या भरतीचं धोरण प्रत्येक कंपनीने स्वतः ठरवावं, असंही कायद्यात आलं.

२०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. एकूण कर्मचाऱ्यांच्या अडीच ते १५ टक्के इतकी त्यांची संख्या असावी लागते. ४ ते २९ कर्मचारी असतील तर निर्णय मालकाच्या मर्जीवर.

पैशांचं गणित कुठे चुकतं?

२०१४ ते २०१९ या काळात विद्यावेतन अर्धकुशल कामगाराच्या किमान वेतनाशी जोडलेलं होतं. पहिल्या वर्षी ७० टक्के, दुसऱ्या वर्षी ८० आणि तिसऱ्या वर्षी ९० टक्के. किमान वेतन वाढलं की विद्यावेतन आपोआप वाढायचं.

२०१९ मध्ये ही सांगड तुटली आणि ठरावीक रकमा आल्या. शिक्षणानुसार महिन्याला किमान ५ हजार ते ९ हजार रुपये. आयटीआय झालेल्यासाठी ७ हजार. दुसऱ्या वर्षी त्यात १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ. पुढची काही वर्षं महागाई वाढत गेली, हे आकडे तिथेच राहिले. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने ३६ टक्के वाढीची, म्हणजे ६,८०० ते १२,३०० रुपयांची शिफारस केली.

सात हजारांत काय होतं, हे चाकण किंवा भोसरीत खोली शोधणाऱ्या पोराला विचारावं. बीड किंवा नंदुरबारहून आलेल्या मुलाचं खोलीभाडं, मेस आणि बसभाडं यांतच विद्यावेतन संपतं. घरून पैसे मागवणं ज्याला शक्य नाही, तो उमेदवारी अर्धवट सोडतो आणि डिलिव्हरीचं किंवा कंत्राटी हेल्परचं काम धरतो. तिथे हातात चार पैसे जास्त येतात, पण कसब शिकायचं राहून जातं.

आता मालकाची बाजू. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना २०१६ मध्ये सुरू झाली. त्यात विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये केंद्र सरकार देतं. २०२३ पासून ही रक्कम थेट उमेदवाराच्या खात्यात जमा होते. म्हणजे ७ हजारांच्या उमेदवारामागे मालकाला महिन्याला ५,५०० रुपये खर्च येतो.

आणि जागा रिकामी ठेवली तर? कायद्यातला दंड दर रिकाम्या जागेसाठी पहिले तीन महिने दरमहा ५०० रुपये आणि त्यानंतर दरमहा १,००० रुपये इतकाच आहे. कायदा पाळण्यापेक्षा मोडणं स्वस्त पडतं, आणि तेही तपासणी झाली तर.

जर्मनीत वेगळं काय आहे?

या विषयावर जर्मनीचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तिथे प्रशिक्षणार्थी आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत असतो. अभ्यासक्रम ठरवताना मालक आणि कामगार संघटना दोघेही टेबलावर असतात. कंपनीत शिकवणाऱ्यालाही शिकवण्याची वेगळी परीक्षा द्यावी लागते. उमेदवाराची अंतिम परीक्षा कंपनी घेत नाही, उद्योग किंवा कारागिरांची स्थानिक चेंबर घेते.

किमान विद्यावेतनही कायद्याने ठरतं आणि दरवर्षी जाहीर होतं. दुसऱ्या वर्षी ते पहिल्या वर्षापेक्षा १८ टक्के, तर तिसऱ्या वर्षी ३५ टक्के जास्त असतं. पोरगा जितका कामाचा होत जातो, तितका त्याचा मोबदला वाढतो.

भारतातही आयटीआयमध्ये २०१६ पासून दुहेरी प्रशिक्षण पद्धत आहे. वर्गातलं शिक्षण संस्थेत, प्रत्यक्ष काम कारखान्यात. पण ती कारखाना जवळ असेल तिथेच चालते. महाराष्ट्रात चारशेहून अधिक सरकारी आयटीआय आहेत आणि त्यांतल्या अनेक आयटीआयच्या आसपास मोठी एमआयडीसी नाही.

मग सुधारणा कुठून सुरू व्हावी?

केंद्राने मे २०२५ मध्ये १,००० आयटीआयच्या दर्जावाढीसाठी ६० हजार कोटींची योजना मंजूर केली. यात केंद्राचे ३० हजार, राज्यांचे २० हजार आणि उद्योगांचे १० हजार कोटी आहेत. यंत्रं नवी येतील, ते गरजेचंच आहे. पण कारखान्याच्या आत काय होतं, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

त्यासाठी तीन गोष्टी लागतील. विद्यावेतन पुन्हा किमान वेतनाशी जोडणं. दंड निदान उमेदवारावरच्या खर्चाइतका करणं. आणि उमेदवार रोज खरंच काय शिकतो, याची बाहेरच्या माणसाकडून तपासणी. जोडारी म्हणून, म्हणजे फिटर म्हणून आलेला मुलगा वर्षभर पॅकिंगच्या लाइनवर उभा राहिला, तर तो फिटर होत नाही.

लहान वर्कशॉपचा प्रश्न वेगळा आहे. पाच-सात माणसांच्या युनिटला एका मुलाला सगळं शिकवणं जमत नाही. अशा दहा युनिटनी मिळून उमेदवार घेतले आणि ते आळीपाळीने सगळीकडे फिरले, तर खर्चही वाटला जातो आणि मुलाला जास्त यंत्रं हाताळायला मिळतात.

नोकरीच्या हमीचं काय? सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या प्रकरणात मधला मार्ग सांगितला होता. इतर बाबी समान असतील तर थेट उमेदवारापेक्षा प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला प्राधान्य द्यावं. कंपन्यांच्या भरती धोरणात निदान एवढं असावं आणि ते उमेदवाराला पहिल्याच दिवशी लेखी कळावं.

करारावर सही करण्याआधी काय बघावं?

• करार सरकारी शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर नोंदवला आहे का? नोंदणी नसेल तर कायद्याखालचं प्रमाणपत्र मिळत नाही.
• कोणत्या ट्रेडसाठी आणि किती महिन्यांसाठी घेतलं आहे?
• शिकवणार कोण आणि कामाची नोंदवही ठेवली जाते का?
• शेवटी परीक्षा कोण घेणार?
• मागच्या बॅचमधल्या किती जणांना तिथेच नोकरी मिळाली?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देण्याची सक्ती आज कोणत्याही कंपनीवर नाही. ती झाली, तर कुठे खरंच शिकवलं जातं आणि कुठे फक्त राबवून घेतलं जातं, हे पोरांना सही करण्याआधीच कळेल.