झोंगली म्हातारा झाला म्हणे!

परवा रात्री साडेनऊला नेहमीप्रमाणे भाचेबुवांचा फोन आला.

"मावशी, किती साठले?"
"अठ्ठावीस हजार आठशे. आजच पूर्ण झाले."
"भारी! मग कोणाला घेणारेस?"
"झोंगलीला."

पलीकडे शांतता. मग अगदी समजुतीच्या सुरात, म्हणजे आपण आजीला नवा मोबाईल शिकवताना जसं बोलतो ना तसं, "अगं मावशी, तो म्हातारा झाला आता. कोणी घेत नाही त्याला. टिअर लिस्ट बघ ना एकदा."

आता मी त्रेपन्न वर्षांची. 'म्हातारा झाला, आता कोणी घेत नाही' हे वाक्य कोणाहीबद्दल उच्चारलेलं असो, ते मला माझ्यावरच आल्यासारखं वाटतं. तेव्हा हा लेख थोडा चिडून लिहिलाय, हे आधीच कबूल करते. पण नुसती चीड नाहीये, हिशेबही आहे.

ज्या काकू-आत्यांना यातलं काही कळलं नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. 'गेन्शिन इम्पॅक्ट' नावाचा एक गेम आहे. शांघायच्या मिहोयो कंपनीने २८ सप्टेंबर २०२० ला तो आणला. मोठं, सुंदर जग, डोंगर चढा, नद्या ओलांडा, राक्षस मारा. भाचा तेव्हा नववीत होता, शाळा घरूनच चालू होती, आणि त्याच्याशी बोलायचं निमित्त म्हणून मी तो टॅबवर उतरवून घेतला. आता तो इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर आहे, पण रात्रीचा हा अर्धा-पाऊण तास आम्ही दोघांनी सोडलेला नाही. एरवी 'जेवलास का' आणि 'हो'च्या पलीकडे ज्याच्याशी संवाद जात नाही, तो मुलगा राक्षस मारता मारता परीक्षा, मित्र, मेसचं जेवण असं सगळं बोलून जातो.

गेम फुकट आहे. पण त्यातली चांगली चांगली पात्रं मिळतात सोडतीने. जपानमध्ये नाणं टाकून दांडा फिरवला की आतून प्लास्टिकच्या गोळ्यात एखादं खेळणं पडतं, आत काय ते आधी कळत नाही. त्या यंत्राच्या आवाजावरून 'गाचापोन', आणि त्यावरून अशा गेम्सना 'गाचा'. आपल्याकडे लहानपणी किराणा दुकानात पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या फाडायचो, तेच. शंभरात नव्वद वेळा फुगा.

इथला भाव असा: एका ओढीला (हे लोक त्याला 'विश' म्हणतात) १६० प्रिमोजेम. पाच ताऱ्यांचं पात्र निघायची शक्यता हजारात सहा. ९० विशपर्यंत एक पाच तारे नक्की, पण ते तुम्हाला हवं तेच असेल याचा फिफ्टी-फिफ्टी. (ऑगस्ट २०२४ पासून ते नाणं किंचित आपल्या बाजूला झुकवलंय.) हरलात तर पुढचं पाच ताऱ्यांचं मात्र हवं तेच. म्हणजे वाईटात वाईट १८० विश, २८,८०० प्रिमोजेम. रोजची चार किरकोळ कामं केली की दिवसाला ६० मिळतात. नुसत्या त्या मजुरीवर ४८० दिवस! सणासुदीचे जास्तीचे धरून मला वर्षभर लागलं. म्हणून मी हा आकडा उगाच उडवणार नाही.

आता झोंगली. हा 'मर्यादित' पात्रांपैकी. म्हणजे मधूनमधून तीन आठवडे बॅनरवर येतो आणि जातो, परत कधी सहा-आठ महिन्यांनी, कधी वर्ष उलटून गेल्यावर. पहिल्यांदा आला १ डिसेंबर २०२० ला. गोष्टीत तो लियुए नावाच्या चीनसारख्या प्रदेशाचा सहा हजार वर्षांचा देव. स्वतःच्या मरणाचं नाटक करून पदावरून निवृत्त झालेला आणि आता एका अंत्यविधीच्या संस्थेत सल्लागार. तिथलं चलन याच्याच नावावरून पडलंय, तरी खिशात कधी पैसे नसतात! आपल्या ओळखीत असे एक-दोन निवृत्त काका असतातच.

त्याचं मुख्य काम कवच. त्याने जमिनीतून खांब काढला की तुमच्याभोवती असं कवच बसतं की राक्षस आपटत राहतो आणि तुम्ही तुमचं काम करत राहता. कवच टिकतं वीस सेकंद, पुन्हा घालता येतं बारा सेकंदांनी. म्हणजे अंगावरचं उतरायच्या आत दुसरं तयार. शिवाय कवच असताना जवळच्या शत्रूची सगळ्या प्रकारच्या हल्ल्यांविरुद्धची प्रतिकारशक्ती २० टक्क्यांनी घटते.

तर 'म्हातारा झाला' म्हणणाऱ्यांचं म्हणणं काय? ते प्रामाणिकपणे मांडते, कारण त्यात तथ्य आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये शिलोनेन आली, ती चांगली शिकवली की प्रतिकारशक्ती ३६ टक्क्यांनी उतरवते, वर जखमाही भरते. जानेवारी २०२५ मध्ये सितलाली आली, ती कवचही देते आणि आग-पाण्याच्या हल्ल्यांना तिची मदतही मोठी. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये फुरीना आली आणि तिने तर गणितच बदललं. तिच्यामुळे चमूतल्या सगळ्यांचं रक्त कमी होतं, ते पुन्हा भरलं की मारा वाढतो. म्हणजे तिच्यासोबत कवचवाल्यापेक्षा वैद्य बरा. झोंगली वैद्य नाही. मान्य. अगदी सगळं मान्य.

पण हे सगळं मोजलंय कुठे? टिअर लिस्टवाले मोजतात 'स्पायरल अॅबिस'च्या बाराव्या मजल्यावर, जिथे घड्याळ लावलेलं असतं आणि किती सेकंदांत मारलं त्यावर तारे मिळतात. परीक्षाच वेगाची असेल तर वेगवानच पहिले येणार! यात झोंगलीचा काय दोष? आणि पेपर काढतं कोण? कंपनी. राक्षसांचं रक्त वाढवतं कोण? कंपनी. ते वाढलेलं रक्त उतरवणारं नवं पात्र विकतं कोण? तीच. पेपरही त्यांचा, गाईडही त्यांचं, आणि नापास आम्ही!

हे माझं कुजकट मन बोलत नाहीये, झोंगलीचाच इतिहास बघा. डिसेंबर २०२० मध्ये तो आला तेव्हा चीनमधल्या खेळाडूंनी आरडाओरडा केला की हा देव फारच दुबळा आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने त्याला सुधारलं, आणि तोच 'दुबळा' पुढे कितीतरी चमूंचा आधारस्तंभ झाला. त्याच कंपनीच्या 'होंकाई स्टार रेल'मध्ये तर जुनी पात्रं याहून लवकर मागे पडली. मग जुलै २०२५ मध्ये काफ्का, सिल्व्हर वुल्फ, ब्लेड आणि जिंगल्यू या चौघांना नव्याने ताकद दिली. म्हणजे एका अपडेटने म्हातारं, दुसऱ्या अपडेटने तरुण. हा काळाचा परिणाम नाही मंडळी, हे वेळापत्रक आहे. 'मर्यादित' हा शब्दही तसाच. या वस्तूचा साठा संपतो का? गोदामात शेवटचे चार झोंगली उरलेत, असं आहे का? मर्यादा फक्त तारखांची आहे, आणि तारखाही त्यांच्याच.

विरुद्ध बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा भाचेबुवांनीच काढला (पोरगं हुशार आहे). "पण मावशी, तेवढ्याच जेम्समध्ये नवीन कोणी येईल ना!" बरोबर. पण नवीन येतं ते एकटं येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नॉड-क्राय हा प्रदेश उघडला. तिथल्या चंद्रवाल्या पात्रांचा पूर्ण उपयोग हवा तर चमूत तशी निदान दोन लागतात. वर बऱ्याच नव्या पात्रांचं खास हत्यार वेगळ्या बॅनरवर, त्याची वेगळी सोडत. म्हणजे सून आणायला गेलात आणि सोबत तिचं सगळं माहेर घरी राहायला आलं. खर्च एकाचा धरला होता, झाला तिघांचा.

झोंगलीचं तसं नाही. त्याला कुठल्याही चमूत घाला. त्याला रक्त वाढवणारे दागिने लागतात आणि हत्यार म्हणून 'ब्लॅक टॅसल' नावाचा तीन ताऱ्यांचा भाला पुरतो, जो सोडतीत कचऱ्यासारखा पडतो. तोच भाला नव्वदाव्या पातळीवर ४६.९ टक्के रक्त वाढवतो. किमतीबद्दल बोलायचंच तर संपूर्ण किंमत बोला ना. आणि नवे आले म्हणून त्याचं काम संपलं असंही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यूव्हिलेट आला. तो हल्ला करताना मध्येच धक्का बसला की त्याचा सगळा डाव विस्कटतो. मग लोकांनी त्याच्या शेजारी कोणाला उभं केलं? याच म्हाताऱ्याला.

आता माझा खरा मुद्दा. गेल्या पावसाळ्यात माझा उजवा अंगठा अडकायला लागला. ट्रिगर फिंगर म्हणतात त्याला. सकाळी वाकवला की तिथेच राहतो, मग दुसऱ्या हाताने 'टक्' करून सोडवायचा. इंजेक्शन झालं, बरंच बरं आहे, पण पूर्वीसारखा चटकन चालत नाही. या गेममध्ये राक्षसाने हात उगारला की अर्ध्या क्षणात बाजूला उडी मारायची असते. माझी उडी राक्षसाचा हात येऊन गेल्यावर पडते. वर्षभर मी लायलाच्या कवचावर भागवलं. चार ताऱ्यांची गुणी मुलगी आहे. पण तिचं कवच बारा सेकंदांचं आणि पुन्हा घालायलाही बाराच सेकंद. माझ्या हातात फुटलं की पुढचं येईपर्यंत मी उघडी.

दोघं मिळून खेळताना प्रत्येकाला दोनच पात्रं मिळतात. माझी दोन्ही आडवी झाली की भाचा एकटा लढतो आणि मी बघत बसते. तो काही बोलत नाही. "असू दे गं, मी मारतो," म्हणतो. पण गेल्या दोन महिन्यांत तीनदा मीच म्हणाले, "तू खेळ, मी झोपते." झोप आली नव्हती. तुमच्या टिअर लिस्टमध्ये या अंगठ्याचा रकाना कुठे आहे, तो दाखवा मला. सगळ्या याद्या चपळ बोटांच्या, रिकाम्या दुपारच्या, उत्तम दागिने जमवलेल्या माणसासाठी लिहिलेल्या असतात, आणि वाचतो आपण सगळे, जणू त्या आपल्यासाठीच आहेत.

म्हणून 'जुनं मर्यादित पात्र आता घेण्यासारखं आहे का' हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. कोणासाठी, आणि घरात काय कमी आहे म्हणून? मी स्वतःला तीन गोष्टी विचारल्या. माझा खेळ नेमका कुठे अडतो? ते काम करणारं कोणी माझ्याकडे आधीच आहे का? आणि याला आणल्यावर अजून किती जणांना आणावं लागेल? माझी उत्तरं: मार खाण्यात, अर्धवट, आणि कोणालाच नाही. भाच्याची उत्तरं वेगळी येतील. त्याच्याकडे फुरीना आहे, चांगला वैद्य आहे, बोटं वीस वर्षांची आहेत आणि त्याला बाराव्या मजल्याचे सगळे तारे हवेत. त्याने झोंगली अजिबात घेऊ नये! हे मी त्याला सांगितलंही. तो म्हणाला, "मग आपण भांडत कशावर होतो?"

उगाच जुन्याचा कैवार घेणाऱ्यांनाही एक सांगते. गोष्ट आवडली, चेहरा आवडला म्हणून घ्या की, खुशाल घ्या. पण 'तो अजूनही सगळ्यात भारी' असं दुसऱ्या कोणाला सांगू नका. तो नाहीये. चांगलं असायला सगळ्यात भारी असावं लागत नाही, एवढंच म्हणायचंय.

आणि एका बाबतीत मी अगदी जुन्या वळणाची आहे: यात पैसे घालायचे नाहीत. शंभर डॉलरच्या मोठ्या गठ्ठ्यात ८,०८० मिळतात. म्हणजे वाईटात वाईट एका पात्राला साडेतीनशे डॉलरच्या वर! जे आज विकत घेतलं आणि उद्या तेच लोक म्हातारं ठरवणार, त्याला रोजचे ६० आणि धीर एवढंच द्यावं. धीर मात्र माझ्याकडे भरपूर आहे.

असो. पुढच्या वेळी तो बॅनरवर येईल तेव्हा मी ओढणार. फिफ्टी-फिफ्टी हरले तर हरले, १८० चा हिशेब करूनच बसलेय. तोवर लायला, मी आणि माझा अंगठा.

ता.क. : ताई, तू हे वाचशीलच. तुझा मुलगा अभ्यास सोडून खेळत नाही, साडेनऊ ते सव्वादहाच. आणि मेसमध्ये वांग्याची भाजी असली की तो जेवत नाही, बिस्किटं खातो. हे मला तिथेच कळलं :)