एका बैठकीचे गणित

‘आम्ही काही रोज पीत नाही,’ हे वाक्य शहरी तरुणाईच्या तोंडी हमखास ऐकू येते आणि ते बहुतेक वेळा खरेही असते. आठवडाभर कार्यालय, महाविद्यालय, अभ्यास आणि शनिवारी रात्री मित्रांबरोबर ‘बसणे’ हा क्रम महानगरांत आता कोणाला धक्का देत नाही. मराठी मनात व्यसनी माणसाचे चित्र आहे ते ‘एकच प्याला’तील सुधाकरचे. पहिल्या प्याल्यापासून पायरीपायरीने उतरत जाणारा, संसाराची राखरांगोळी करणारा असा तो. शनिवारी पिणाऱ्या मुलाला त्या चित्रात आपला चेहरा दिसत नाही आणि त्याच्या पालकांनाही नाही. नेमकी येथेच फसगत होते. मद्याचे यकृतावरील दुष्परिणाम वर्षांच्या हिशेबाने होत असतील; पण एका बैठकीतील अतिमद्यपान एका रात्रीतही जीव घेऊ शकते.

इंग्रजीतून आलेला ‘बिंज ड्रिंकिंग’ हा शब्द यासाठीच वापरला जातो. जागतिक आरोग्य संघटना एका प्रसंगी ६० ग्रॅम किंवा त्याहून अधिक शुद्ध अल्कोहोल घेण्याला धोकादायक अतिमद्यपान मानते. हा आकडा आपल्याकडील मापांत मांडला की त्याचे गांभीर्य कळते. भारतात मिळणाऱ्या व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते. त्या हिशेबाने १८० मिलिलिटरच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल भरते. ‘स्ट्राँग’ बिअरमध्ये हे प्रमाण आठ टक्क्यांपर्यंत असते. म्हणजे ६५० मिलिलिटरच्या दीड बाटलीत तेवढाच डोस पोटात जातो. मित्रमंडळींत ज्याला ‘फक्त एक क्वार्टर’ म्हटले जाते, तीच वैद्यकशास्त्राच्या लेखी धोक्याची रेषा आहे. बिअर म्हणजे दारू नव्हे, हा समजही या गणितात टिकत नाही.

शरीराची बाजू याहून सरळ आहे. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोलचाच निचरा करू शकते. पिणाऱ्याने वेग वाढविला म्हणून यकृताचा वेग वाढत नाही. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही तो वाढत नाही. क्वार्टर पूर्ण उतरायला सहा ते आठ तास लागतात. सुमारे ७० किलो वजनाच्या पुरुषाने ती भराभर रिचविली, तर रक्तातील अल्कोहोल वाहनचालकांसाठीच्या कायदेशीर मर्यादेच्या, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या, तिप्पट-चौपट होऊ शकते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच पेगने त्यांच्या रक्तातील प्रमाण अधिक चढते. एनर्जी ड्रिंकमध्ये मिसळून घेतलेले मद्य तर अधिकच फसवे असते. कॅफिनमुळे तरतरी वाटते, नशा जाणवत नाही आणि ग्लास भरतच राहतो.

प्रमाण आणखी वाढले की मेंदूतील श्वसनावर नियंत्रण ठेवणारे केंद्र मंदावते. रक्तातील साखर उतरते, अंग गार पडते. घशातील नैसर्गिक प्रतिक्षेप बधिर झाल्याने उलटी फुप्फुसात जाऊन गुदमरण्याचा धोका निर्माण होतो. शेवटचे पेग अजून पोटातच असल्याने माणूस बेशुद्ध पडल्यानंतरही काही काळ रक्तातील अल्कोहोल वाढतच राहते. ‘झोपू द्या, सकाळी उतरेल,’ हा मित्रांचा सल्ला म्हणूनच सर्वांत घातक ठरतो.

जे सकाळी उठतात, त्यांचीही सुटका होतेच असे नाही. अतिमद्यपानानंतर हृदयाचे ठोके अनियमित होण्याच्या विकाराला डॉक्टर १९७८ पासून ‘हॉलिडे हार्ट’ या नावाने ओळखतात. स्वादुपिंडाला अचानक सूज येणे हाही जिवावर बेतणारा आजार आहे. रात्रीचे काहीच आठवत नाही, ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्षात तो मेंदूच्या स्मृती साठविणाऱ्या भागाने काम थांबविल्याचा पुरावा असतो. मेंदूची वाढ वयाच्या पंचविशीपर्यंत चालू असते आणि निर्णयक्षमतेचा भाग सर्वांत शेवटी परिपक्व होतो. म्हणजे ज्या वयात ‘पुरे’ म्हणण्याची ताकद सर्वांत कमी, त्याच वयात आग्रह सर्वाधिक होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०१९ मध्ये जगात मद्यामुळे सुमारे २६ लाख मृत्यू झाले आणि मृत्यूंमधील मद्याचा वाटा २० ते ३९ या वयोगटात सर्वाधिक, १३ टक्क्यांच्या आसपास होता. मद्याची कोणतीही मात्रा पूर्णपणे सुरक्षित नाही, असेही या संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. भारतात केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १० ते ७५ वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात, असे आढळले होते.

महाराष्ट्रात कायदा कमी नाही. बिअर आणि वाईनसाठी २१, तर इतर मद्यासाठी २५ वर्षे ही किमान वयोमर्यादा आहे. पिण्यासाठी परवानाही लागतो. शेजारच्या गोव्यात हीच मर्यादा १८ आहे. परंतु नियम किती कडक यापेक्षा तो दारात कोण विचारतो, हा खरा प्रश्न आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे भरधाव आलिशान मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला. मोटार चालविणारा मुलगा १७ वर्षांचा होता आणि त्याआधी तो मित्रांसह मद्य प्यायला होता, असे पोलिसांचे म्हणणे आहे. त्यानंतर पबवर कारवाई झाली. वयाचा दाखला तपासण्याची जाग मात्र अपघातानंतर नव्हे, दर शनिवारी हवी.

तथापि, सगळा भार पोलिसांवर आणि उत्पादन शुल्क खात्यावर टाकूनही चालणार नाही. बेशुद्ध मित्राला रुग्णालयात नेण्यास मुले कचरतात, ती बहुधा ‘घरी कळेल’ या धास्तीने. हाका मारून जाग येत नसेल, श्वास संथ किंवा अनियमित असेल, ओठ निळसर पडले असतील, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावणे, तोवर त्याला कुशीवर वळविणे आणि एकटे न सोडणे, एवढे प्रत्येक तरुणाला ठाऊक असले पाहिजे. आणि ‘काहीही झाले तरी आधी फोन कर, रागवायचे ते नंतर पाहू,’ हा भरवसा प्रत्येक घराने दिला पाहिजे. रोज पीत नाही म्हणून मुलगा सुरक्षित, असे मानणारी घरे आणि रागाच्या भीतीने गप्प बसणारे मित्र, या दोहोंच्या मध्ये हे जीव जातात.