डिस्क विकली, कॉपी ठेवली: जायज की नाजायज?

अमेरिकेतल्या भाच्याने विचारलं, "मामू, ब्ल्यू-रेच्या डब्यात एक कोड येतो. तो टाकला की तोच सिनेमा आपल्या खात्यात जमा होतो. कोड वापरून मी डिस्क विकली, तर ते पैसे हलाल की हराम?" मशिदीतल्या कुणा मित्राने 'ही चोरीच' असं सांगून टाकलं होतं. आपल्याकडे फतवे स्वस्त आहेत.

मला ही चोरी वाटत नाही. 'शरीअतमध्ये कॉपीराइट नाहीच' असं म्हणून हात झटकणाऱ्यांपैकी मी नाही. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८८ साली कुवेतच्या बैठकीत लेखनाचे आणि शोधांचे हक्क मान्य केलेले आहेत. म्हणूनच घरी सीडीवरची गाणी उतरवून घेऊन सीडी विकणं मला पटत नाही. तिथे घेतलेली एक, तिच्या दोन आपण करतो. कोडच्या बाबतीत मात्र दोन्ही वस्तू मालकाने स्वतःच्या मर्जीने, एका किमतीत दिलेल्या असतात. अ‍ॅमेझॉनने २०१३ मध्ये 'ऑटोरिप' सुरू केलं, तेव्हा १९९८ पासून त्यांच्याकडून घेतलेल्या कितीतरी जुन्या सीडींची गाणीसुद्धा ग्राहकांच्या खात्यात टाकली. त्यातल्या किती सीडी तोवर विकल्या, वाटल्या गेल्या असतील! देणाऱ्याने ते विचारलंही नाही.

पण देणाऱ्याने अट घातली असेल तर? कबूल केलेली अट पाळावी, यात वाद नाही. डिस्नेची अशीच अट होती: डिस्क तुमच्या ताब्यात असेल तरच कोड वापरा. रेडबॉक्स नावाची कंपनी दुकानांतून डिस्नेचे जोडपॅक घ्यायची, डिस्क भाड्याने द्यायची आणि कोड सुटे विकायची. डिस्ने कोर्टात गेली. फेब्रुवारी २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फेडरल न्यायाधीशांनी मनाईहुकूम नाकारला. विकत घेतलेल्या डिस्कचं काय करायचं हा घेणाऱ्याचा हक्क आहे आणि कोडच्या अटीआडून तो काढून घेणं हा कॉपीराइटचा गैरवापर ठरतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. मग डिस्नेने शर्ती बदलल्या, डिस्क जवळ ठेवण्याची अट काढली, आणि ऑगस्टमध्ये तिला मनाईहुकूम मिळाला. थोडक्यात, कोड सुटा विकू नका हे टिकलं. डिस्क सांभाळून ठेवा, हे टिकलं नाही.

कंपनीच्या हक्काची एवढी चिंता करणारा तो मशिदीतला मित्र डिस्क विकत घेणाऱ्याबद्दल मात्र काहीच बोलला नाही. जाहिरातीत 'नव्यासारखी' असं लिहायचं, फोटोत डब्यावरचा 'ब्ल्यू-रे आणि डिजिटल' हा मजकूर ठळक दिसू द्यायचा, आणि कोड संपलाय हे गिळून टाकायचं. पैगंबर (स.) मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घालतात, आत ओल लागते आणि ते विक्रेत्याला विचारतात, हे ओलं धान्य वर का नाही ठेवलंस? लहानपणापासून ऐकलेला हा प्रसंग. वापरलेला कोड म्हणजे ते ओलं धान्य. 'कोड वापरलेला आहे' एवढे शब्द पहिल्या ओळीत लिहावेत, किंमत त्या मानाने कमी लावावी आणि खुशाल विकावी. हराम-हलालचा फैसला माझ्या मते इथे होतो.

आणि भाच्याला मी आणखी एक विचारलं: विकतोस ती वस्तू कोणती आणि ठेवतोस ती कोणती? डिस्क ही मिल्कियत आहे. ती भेट देता येते, मदरशाला वक्फ करता येते, माणूस गेला की वारसांत वाटली जाते. आमच्या अब्बांच्या कव्वालीच्या कॅसेटींची वाटणी आम्ही भावंडांनी रीतसर केली, त्यावरून भांडलोही. खात्यातल्या सिनेमाची अशी वाटणी कशी करणार? ती एका माणसाच्या नावावरची परवानगी आहे, आणि देणाऱ्याचं दुकान चालू आहे तोवरच. अशा कोडसाठी हॉलीवूडच्या बड्या स्टुडिओंनी उभी केलेली 'अल्ट्राव्हायोलेट' ही सेवा ३१ जुलै २०१९ ला बंद झाली. आपलं खातं वेळीच दुसऱ्या दुकानाशी जोडा, असं ग्राहकांना आधी कळवलं होतं म्हणे.