दुसरी बॅटरी म्हणजे जादू नव्हे!

अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याआधी इथे स्टेडियमच्या पार्किंगमध्ये 'टेलगेटिंग' नावाची जत्राच भरते. शेगड्या पेटतात, इंजिन बंद ठेवून गाड्यांमधली गाणी तासन् तास वाजतात. आपल्याकडेही हौशी मंडळी डिकीत ॲम्प्लिफायर बसवतातच. 'दुसरी बॅटरी टाकली की झालं' हा दोन्हीकडचा लाडका समज. साफ चूक!

दोन बॅटऱ्या नुसत्या पॅरललमध्ये जोडल्यात तर ती एकच मोठी बॅटरी झाली. संपताना दोन्ही एकदम संपणार. मग स्टार्टर काय ढकलून फिरवणार? इंजिन बंद होताच दोघींना तोडणारा आयसोलेटर रिले हवाच.

साधा हिशेब करा. ॲम्प्लिफायरने सरासरी 20 अँपिअर ओढले तर 60 अँपिअर-तासांची बॅटरी दीड तासात निम्मी. स्टार्टरच्या बॅटरीच्या पातळ प्लेटांना हे रोज सोसत नाही. गाण्यांसाठी जाड प्लेटांची डीप सायकल बॅटरीच घ्या. मधल्या केबलला दोन्ही बॅटऱ्यांजवळ फ्यूज लावा, नाहीतर केबल घासून शॉर्ट झाली की आगच.

हजारोंचे स्पीकर घ्यायचे नि रिले-फ्यूजला हात आखडायचा? ही कसली हौस!